हिरासिंग तांडा, लोकवस्ती दोन

लखमा नाईक तांड्याला लखमाचं नाव का, तर लखमा भांडला म्हणून. सख्ख्या भावाशी भांडला, बैलाच्या गळ्यातल्या घागरमाळेवरून. बैल दोघांचा, मग घागरमाळ कुणाची? दोन दिवस वाद चालला. तिसऱ्या दिवशी लखमा अकरा घरं घेऊन निघाला आणि कळमनुरीच्या अलीकडं ह्या उतारावर येऊन बसला. बैल तिकडंच राहिला.

पुढं दोन पिढ्यांनी ह्याच तांड्यातल्या देवलाला होळीच्या बोकडाच्या कलेजीचा वाटा कमी आला. कमी म्हणजे बोटभर. तेवढ्यावरून ओढ्यापलीकडं देवला तांडा झाला. आज तिथं साठ घरं आहेत, शाळा आहे, पाण्याची टाकी आहे, आणि टाकीवर देवलाचं नाव आहे. बोटभर कलेजीची कमाई.

सांगायचं ते असं, की त्या भागात एकही तांडा समजुतीनं जन्मलेला नाही. समजुतीनं घर सोडून शेतात राहायला गेलेली माणसं ढीगभर आहेत, पण त्यांच्या वस्तीला कुणी तांडा म्हणत नाही. त्याला म्हणतात आखाडा. भांडून गेलं की तांडा, न भांडता गेलं की आखाडा. तांड्याला नाव लागतं. आखाड्याला कुत्रं लागतं.

लखमा तांड्यातला हिरासिंग राठोड, वय अडुसष्ट, जन्मात कुणाशी भांडला नव्हता.

हीच तर त्याची तकलीफ होती.

*

कागद

पौषात हिंगोलीला ज्येष्ठांचा मेळावा होता. हिरासिंगचा मुलगा दिपक हिंगोलीत हळदीला पॉलिश करायचा ड्रम चालवतो. त्यानं बापाला मोटरसायकलवर नेऊन मांडवात सोडलं आणि चार वाजता घ्यायला येतो म्हणाला. व्यासपीठावर निळ्या जाकिटातला एक पाहुणा होता. तुम्ही जाणार, हे नक्की. पण मागं काय ठेवणार, हे तुम्ही आजच ठरवा, असं तो तासभर सांगत होता. मग पुरीभाजी झाली, आणि पुरीभाजीनंतर सगळ्यांना एकेक छापील कागद आणि एकेक पेन मिळाला. पेन परत द्यायचा होता.

माझ्यामागे काय उरेल?

१. मी उभारलेलं: ~~घर~~ (दिपक पाडून स्लॅब टाकणार आहे)

२. मी लावलेलं: ~~लिंबाचं झाड~~ (शेळीनं खाल्लं)

३. माझ्या नावानं ओळखलं जाणारं:

४. लोक म्हणतील: ~~चांगला होता~~ (सगळ्यांनाच म्हणतात)

तिसऱ्या रकान्यापाशी हिरासिंग अडला. शेजारच्या म्हाताऱ्यानं तिथं 'विहीर' लिहिलं होतं आणि वर विहिरीचं चित्रही काढलं होतं, कठड्यासकट.

हिरासिंग तांड्याचा हसाबी. म्हणजे बैठकीत दोन्ही बाजू ऐकून तोडगा काढणारा. चाळीस वर्षं तो हेच करत आला. म्हशीचे मामले, लग्नाचे मामले, धुऱ्याचे, नळाचे, कोंबडीचे. चाळीस वर्षांत तांड्यातून एक माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढला नाही. पण हे कागदावर कसं लिहायचं? विहीर खणली तर विहीर दिसते. भांडण मिटलं तर तिथं काहीच दिसत नाही. दोन शेजारी बसून चहा पिताना दिसतात, आणि दोन शेजारी चहा पीत बसलेत ह्यात बघण्यासारखं काय आहे?

पेन गोळा करणारी मुलगी जवळ आली. हिरासिंगनं घाईघाईनं तिसऱ्या रकान्यात लिहिलं: तांडा.

*

संध्याकाळी त्यानं हे बेबीबाईला सांगितलं. बेबीबाई त्याची बायको. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, कसला तांडा. माझा, म्हणाला. वर माळावर आपलं तीन एकर आहे, बोअरला पाणी आहे, पत्र्याचं शेड आहे. आठ-दहा घरं सोबत आली की झाला तांडा.

"अन् काहून येतील?"

"भांडण होईल. मग येतील."

"कुणाशी भांडान?"

"बघू."

"तुमी," बेबीबाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. "चप्पल चोरीला गेली तर चोराला म्हणता, बाबा, अंगठा ढिला हाय, सांभाळून चाल."

ती गोष्ट खरी होती. पण चोर देवला तांड्याचाच होता, ओळखीचा.

*

भांडण पहिलं

ज्याच्याशी: हरिचंद, तांड्याचा नाईक म्हणजे प्रमुख, वय पंचेचाळीस.

मुद्दा: मागच्या बैठकीत नाईक हसाबीकडं पाठ करून बसला. हा अपमान आहे.

काय घडलं: हिरासिंग सकाळी सकाळीच हरिचंदच्या अंगणात गेला आणि उभ्यानंच बोलला. बस म्हटलं तर बसला नाही. आवाज चढवला. हरिचंद दात घासायचा ब्रश तसाच तोंडात धरून ऐकत राहिला, मग ब्रश काढून त्यानं माफी मागितली. म्हणाला, काका, ध्यानातच आलं न्हाई, लई मोठी गल्ती झाली. मग बायकोला हाक मारली. त्याची बायको शिला कनेरगाव नाक्याकडची, बारावी झालेली, तांड्याची नायकण. शिलानं चहा आणला. हिरासिंग म्हणाला, मी चहा घेणार नाही. शिला म्हणाली, साखर कमी टाकली आहे. साखर कमी टाकली असेल तर नाही कसं म्हणणार?

निकाल: चहा. शिवाय दुसऱ्या दिवसापासून बैठकीच्या ओट्यावरची नाईकाची खुर्ची हिरासिंगच्या समोर तोंड करून ठेवली गेली, त्यामुळं आता सगळ्या तांड्याकडं नाईकाची पाठ झाली.

शेरा: कप परत घेताना शिला म्हणाली, "काका, तुमचा इरादा काय हाय?" हिरासिंग चप्पल घालून निघून आला. ह्या बाईपासून सांभाळून राहावं लागेल, एवढं त्याच्या ध्यानात आलं.

*

भांडण दुसरं

आता हे जरा नीट सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं ह्यातूनच निघालं.

हिरासिंगच्या शेताला लागून प्रेमदास आणि जगन ह्या दोन भावांचं शेत. मधे धुरा, म्हणजे बांध. चांगला रुंद, कारण त्यावरून गाडी जाते. बावीस वर्षांपूर्वी ह्याच धुऱ्यावरून हिरासिंगचा बाप आणि प्रेमदासचा बाप ह्यांची जुंपायची वेळ आली होती. तेव्हा हिरासिंगनंच स्वतःच्या हातानं, कोपरापासून बोटापर्यंत, धुरा मोजून दिला होता. सगळ्या भागात एवढा सरळ धुरा नाही, असं लोक म्हणायचे. निदान हिरासिंगला तसं वाटायचं.

चैत्रात शेतं मोकळी झाली तेव्हा हिरासिंगनं भाड्यानं ट्रॅक्टर बोलावला आणि धुऱ्याचा दोन हात पट्टा दिवसाढवळ्या, प्रेमदास पलीकडं हळदीचे कंद वेचत असताना, नांगरून आपल्या शेतात घेतला. त्या भागात ह्यावरून डोकी फुटतात. ट्रॅक्टरवालासुद्धा घाबरला, म्हणाला, काका, माझं नाव नका सांगू.

प्रेमदास आला. धुऱ्याकडं पाहिलं. हिरासिंगकडं पाहिलं. हिरासिंगनं कमरेवर हात ठेवले आणि जमेल तेवढे डोळे मोठे केले.

"काका," प्रेमदास म्हणाला, "तुमी नांगरला म्हणजे बराबरच आसंल."

"बराबर न्हाई. मी तुझा धुरा फोडला."

"आसंल काही मोजमापाचं."

"मोजमापाचं काही न्हाई. दांडगाई करून राहिलो."

"तुमी अन् दांडगाई," प्रेमदास हसला. मग तो ट्रॅक्टरवाल्याकडं वळला आणि म्हणाला, काकाला अजून लागत असेल तर घेऊ दे, त्यांचा हिशेब चुकत नसतो.

हिरासिंग घरी येऊन पाणी न पिता पडून राहिला.

*

(अर्धं भांडण)

बेबीबाईशी रोजच व्हायचं, पण ते धरत नाहीत. बायकोशी भांडून गेलेला माणूस तांडा करत नाही. तो मुलाकडं हिंगोलीला जातो आणि चार दिवसांनी परत येतो.

*

तिसऱ्याला भांडण म्हणता येणार नाही. एका सकाळी तो सेवालाल महाराजांच्या देवळासमोरच्या ओट्यावर चढला आणि जो दिसेल त्याला शिव्या देऊ लागला. नावानिशी. सगळ्यांची उणीदुणी त्याला तोंडपाठ, त्यामुळं शिव्या चांगल्या बसत होत्या. दहा मिनिटांत माणसं गोळा झाली आणि पंधराव्या मिनिटाला चौघांनी त्याला उचलून जगनच्या ॲपेमध्ये आडवं केलं. कळमनुरीच्या डॉक्टरनं बीपी पाहिला आणि म्हणाला, माझ्यापेक्षा चांगला आहे.

आठवडाभर लोक भेटायला येत होते. घरात एकोणीस बिस्किटपुडे जमले. ज्याला त्यानं सगळ्यात घाण शिवी दिली होती, त्यानं क्रीमची बिस्किटं आणली.

*

आणि मग, हिरासिंगनं आशा सोडली असताना, भांडण आपल्या पायानं घरी आलं.

झालं होतं असं. प्रेमदासनं दोन हात धुरा देऊन टाकला, ही बातमी त्याचा भाऊ जगन ह्याला महिन्याभरानं कळली. धुरा दोघांचा. मला न विचारता दिलाच कसा, जगन म्हणाला. काकाला काय विचारायचं, प्रेमदास म्हणाला. काकाला नको, मला विचार, जगन म्हणाला. ह्यावर प्रेमदास म्हणाला की तू ॲपे घेतलास तेव्हा मला विचारलं होतंस का. आता ॲपे निघाला म्हटल्यावर लग्नं निघाली, लग्नं निघाली म्हटल्यावर आईच्या पाटल्या निघाल्या. तीन दिवसांत तांड्याच्या मधोमध रेघ पडली. नऊ घरं जगनच्या बाजूची झाली. त्यांच्या बायका नळावर वेगळ्या वेळेला येऊ लागल्या.

चौथ्या दिवशी दुपारी जगन हिरासिंगच्या दारात येऊन बसला. म्हणाला, आमी नऊ घरं निघालो. तुमचा माळ हाय, पाणी हाय. तिथं बसतो. नाईक तुमी व्हा.

हिरासिंग आत जाऊन आला. त्यानं जगनला एक बिस्किटपुडा दिला.

"उद्या बैठक हाय," जगन म्हणाला. "तुमी फक्त म्हणायचं, मामला मिटत न्हाई. बस."

रीत तशीच आहे. हसाबीनं सगळ्यांसमोर 'मामला मिटत नाही' म्हटल्याशिवाय घरं फुटत नाहीत. म्हणजे आता हिरासिंगला भांडायचीही गरज नव्हती. काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं आणि शेवटी तीन शब्द बोलायचे. नऊ घरं आणि त्याचं एक, दहा. लखमाला अकरा होती.

बेबीबाई आतून सगळं ऐकत होती. जगन गेल्यावर ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

"धुरा तुमी काहून फोडला ते त्येला सांगितलं?"

हिरासिंगनं चप्पल शोधायला सुरुवात केली. चप्पल पायातच होती.

*

बैठक

ठिकाण: ओटा. वेळ: सकाळ. हजर: सगळा तांडा, बायका लिंबाखाली, हरिचंद नाईक सगळ्यांकडं पाठ करून.

हिरासिंगनं घरूनच तंबाखूचा मोठा बार भरला होता. तोंडात एवढा ऐवज असला की माणूस बोलू शकत नाही, हा त्याचा बेत.

जगन बोलला की प्रेमदास भाऊ नसून वैरी आहे. (हिरासिंग गप्प.)

प्रेमदास बोलला की जगनच्या ॲपेचं डिझेल कुणाच्या हळदीतून येतं हे सगळ्यांना माहीत आहे. (गप्प. ह्यावर द्यायचं उत्तर त्याला माहीत होतं. साधं होतं. सहा शब्दांचं.)

हरिचंद म्हणाला, पाटल्या विकून टाकू, दोघांना अर्धे अर्धे. (गप्प. पण मान आपोआप 'नाही' अशी हलली. त्यानं ती थांबवली.)

जगनच्या बायकोनं लिंबाखालून विचारलं की वाटणी झाली तर हळद शिजवायचा कुकर कुणाकडं. (गप्प. गप्प. घाम.)

दोन तास असे गेले. भांडण जिथं मिटायचं त्या जागेवरून चार वेळा गेलं आणि चारी वेळा पुढं निघून गेलं, आणि हिरासिंग ते बघत राहिला. शेवटी जगन उभा राहिला. म्हणाला, काय राहिलं आता? धुरा होता सहा हात, दोन गेले, राहिले चार. चार हातावर दोन भावांची गाडी चालती का?

हरिचंदनं हिरासिंगकडं पाहिलं. म्हणाला, काका, तुमी सांगा. मिटतं का न्हाई?

हिरासिंग ओट्याच्या कडेला गेला आणि थुंकला.

"सात," तो म्हणाला.

जगन बोटं मोजायला लागला.

"सात हात व्हता. सहा कुणी सांगितलं तुला? माझ्या हातानं मोजला, बावीस वर्षं झाली. सातातले दोन गेले, पाच राहिले. पाच हातावर गाडी चालती. अन् ते दोनबी गेले न्हाई. मी चोरले."

आता तोंड उघडलंच होतं. चोरले म्हणजे काय, तर मुद्दाम नांगरले. प्रेमदासला वाटलं मोजमाप, पण मोजमाप नव्हतं. तो भोळा, त्यानं विश्वासानं दिले, त्याची चूक एवढीच की भावाला विचारलं नाही. आणि जगनची चूक एवढीच की धुऱ्याची गोष्ट पाटल्यांपर्यंत नेली. पाटल्या दोघांच्या मुलींत जिचं लग्न आधी होईल तिच्या अंगावर घालायच्या, नंतर दुसरीच्या. कुकर आहे तिथंच राहील, कारण पाणी तिथं आहे. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. प्रेमदास रडला, जगनही रडला. मिटलं.

मग लिंबाखालून शिला म्हणाली, "पण काका, चोरले काहून?"

आणि हिरासिंगनं, एवढं खरं बोलल्यावर आता खोटं काय बोलायचं म्हणून, सांगितलं. कागद, रकाना, तांडा, सगळं.

कुकरच्या शेडवरचा पत्रा वाऱ्यानं वाजला.

पहिला ओरडला हरिचंद. खुर्चीवरून उठून ओरडला, की आमची घरं फोडून तुमाला नाव पाहिजे व्हतं? मग प्रेमदास. हसरा प्रेमदास, त्यानं पायातलं काढून हातात घेतलं आणि आवरतं घेऊन परत घातलं. मग क्रीमच्या बिस्किटांवाला. त्यानं बिस्किटं परत मागितली. मग एकदमच सगळे. चाळीस वर्षांत हिरासिंगवर कुणी चढ्या आवाजात बोललं नव्हतं, ती सगळी बाकी त्या सकाळी निघाली.

हिरासिंगला भांडण मिळालं. फक्त त्यात एका बाजूला सगळा तांडा होता आणि दुसऱ्या बाजूला तो.

*

तरी रीत ती रीत. भांडण झालं आहे, तर निघायला हरकत नाही. दुपारी त्यानं बाज डोक्यावर घेतली आणि माळाची वाट धरली. कोण मागं येतं हे बघायला तो तीनदा थांबला. तिसऱ्यांदा बेबीबाई दिसली, डोक्यावर पिठाचा डबा आणि काखेत कोंबडी.

"तू आलीस?"

"तुमच्याशी भांडायची सवय पडली," ती म्हणाली. "ह्या वयात दुसरा कुठं शोधू?"

शेडच्या पुढं त्यानं एक पत्रा रोवला आणि दिपकच्या ड्रमच्या उरलेल्या पिवळ्या रंगानं लिहिलं:

हिरासिंग तांडा
लोकवस्ती २

बेबीबाईला वाचता येत नव्हतं. काय लिहिलं ते विचारून घेतल्यावर ती म्हणाली, मला न विचारता मोजलं. एक करा. त्यानं एक केलं नाही.

*

पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी माणसं यायला लागली, पण राहायला नाही. भांडायला. बैठकीत सगळ्यांचं बोलून झालं नव्हतं. चढ चढून यायचे, बेबीबाईकडून पाणी प्यायचे आणि सुरू व्हायचे.

तुमी म्हणाला व्हता, दोन्ही घरांचं पाणी एका नाल्यातून काढा. बारा वर्षं त्याच्या घरचं आंघोळीचं पाणी माझ्या मेथीत येऊन राहिलं.

माझ्या बापाला तुमी माफी मागायला लावली. त्यो चुकला नव्हता. चुकला व्हता, पण एवढा न्हाई.

पोळ्याच्या दिवशी तुमी माझ्याकडं बघून म्हणाला, 'तू समजदार हाय, तू सोड.' तवापासून मी सोडूनच राहिलो. दरवेळी मीच काहून समजदार?

मी त्या कोंबड्याला आजबी ओळखते.

ती कोंबड्याची गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची होती. हिरासिंग बाजेवर बसून ऐकायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं मान खाली घातली होती. चौथ्या दिवशी वर केली. पाचव्या दिवशी तो बेबीबाईला म्हणाला, हे सगळं ह्यांच्या ध्यानात आहे. शब्दन् शब्द. मला वाटलं मिटलं म्हणजे गेलं.

"जाईल कुठं," बेबीबाई म्हणाली. "ज्यानं गिळलं त्याच्या पोटात हाय."

सहाव्या दिवशी शिला आली. ती पाणी पिऊन निघणाऱ्यांतली नव्हती. सोबत शेंगांची टोपली आणली होती; शेंगा फोडता फोडता बोलत राहिली आणि टोपली रिकामी होईपर्यंत तिनं हिरासिंगचे चौदा निवाडे सांगितले. कुणाचा मामला, कुठला महिना, कोण काय बोललं, आणि प्रत्येकात काका कुठं चुकले. लखनसिंगच्या वाटणीत म्हैस थोरल्याला दिली अन् वासरू धाकट्याला. दिसायला सारखी वाटणी, पण दुधावाचून वासरू महिन्यात मेलं. सहा महिने दोन्ही एका दावणीला ठेवून मग वाटायची होती.

"ते बराबर," हिरासिंग म्हणाला.

"नळाच्या मामल्यात तुमी बायकांना विचारलंच न्हाई. पाणी भरतंय कोण?"

"तेबी बराबर."

"अन् तुमाला सगळ्यात मोठी खोड, काका. जो कमी बोलतो त्याच्या पदरात कमी टाकता."

हिरासिंगनं मनातल्या मनात निवाडे मोजले. चौदापैकी दोन त्याला स्वतःला आठवत नव्हते. ती शेंगांची टरफलं झाडून गेली तरी तो तिथंच बसून होता, आणि बेबीबाईनं दोनदा जेवायला हाक मारली तरी उठला नाही.

*

नवव्या दिवशी हरिचंद आला. बसला नाही. म्हणाला, प्रेमदास-जगनचं मिटलं, पण तुमचा मामला तसाच राहिला. धुरा फोडला त्याचा निवाडा झाला पाहिजे. हसाबी स्वतःच्या मामल्यात बसू शकत न्हाई. मग कोण बसल?

"शिला," हिरासिंग म्हणाला.

"आमची?"

"तीच."

हरिचंद मग बसला. पत्र्यावरची पिवळी अक्षरं त्यानं वाचून काढली. म्हणाला, काका, घरात तीच करती. आता ओट्यावरबी?

"घरात कसं करती?"

"बराबर करती," हरिचंद म्हणाला, आणि ते त्याला आवडलं नाही हे दिसलं.

*

शिला ओट्यावर चढली तेव्हा दोन म्हातारे उठून गेले. आणि थोड्या वेळानं, आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून, जवळ येऊन बसले. हिरासिंग खाली मातीत बसला, जिथं ज्याच्यावर आरोप तो बसतो. तिथून ओटा फार उंच दिसतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

ती सगळ्यांना विचारत गेली. प्रेमदासला विचारलं, जगनला विचारलं, दोघांच्या बायकांना विचारलं. ट्रॅक्टरवाल्याला बोलावून घेतलं होतं, त्यालाही विचारलं. बेबीबाईला विचारलं की तुमाला आधी माहीत व्हतं का, आणि बेबीबाई म्हणाली व्हय, तर तिलाही दोन शब्द ऐकवले. मग निवाडा सांगितला.

दोन हात परत, आणि वर हिरासिंगच्या शेतातले दोन हात दंड. धुरा ट्रॅक्टरनं नाही, हिरासिंगनं स्वतःच्या हातानं भरायचा. हे ऐकून हिरासिंगनं मान हलवली. त्यानंही हेच दिलं असतं. दंडाचा कदाचित एकच हात धरला असता, पण दोन ठीक.

"आता माळाचं," शिला म्हणाली. "काका म्हणतात, भांडून गेलो, तर तांडा झाला. पण भांडणाला दोन बाजू लागतात. दोन्हीकडं थोडं खरं, थोडं खोटं आसलं तर ते भांडण. त्या दिवशी एकटे काका चुकले व्हते, आमी कुणी न्हाई. ते भांडण न्हाई, ती गल्ती हाय. गल्ती करून गेलेल्याचा तांडा व्हत न्हाई. काकांना माळावर राहायचं तर खुशाल राहावं. पण त्यो आखाडा. पत्रा काढायचा."

हिरासिंगनं डोळे मिटले. निवाडा आतून बाहेरून तपासायची चाळीस वर्षांची सवय. त्यानं हा निवाडा उलटा केला, आडवा केला, कुठं भोक सापडतं का बघितलं. लखमाच्या भांडणाला लावून पाहिला; लखमाचा तांडा टिकत होता. देवलाचाही टिकत होता, बोटभर कलेजीवर. फक्त त्याचा टिकत नव्हता. तोडगा कुठूनही हलत नव्हता. एवढा घट्ट त्याला स्वतःला कधी बांधता आला नव्हता. त्याचा तांडा बुडाला होता, आणि काय सुरेख बुडवला होता पोरीनं. हे कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटलं, पण तिथं बसून ते बोलता येत नाही.

"मान्य?" शिलानं विचारलं.

निवाडा झाला की ज्याच्याविरुद्ध गेला त्यानं हा एक शब्द बोलायचा असतो. मग मामला संपतो. हिरासिंगनं हा शब्द किती जणांकडून घेतला असेल, मोजदाद नाही. काही जण पटकन बोलायचे, काही जण फार वेळ लावायचे, आणि तेव्हा तो ओट्यावरून म्हणायचा, एवढ्याशा शब्दाला एवढा वेळ काहून लावता? आता त्याला स्वतःलाच तो शब्द बाभळीच्या काट्यासारखा आडवा आला होता. त्यानं मेथीवाल्याकडं पाहिलं, समजदाराकडं पाहिलं, कोंबडावालीकडं पाहिलं. ते सगळे त्याच्याकडं बघत होते. कुणी हसत नव्हतं. उलट त्यांच्या तोंडावर असं काही होतं की आपला माणूस कुठं अडला आहे हे त्यांना नीट ठाऊक आहे, आणि वेळ लागेल हेही ठाऊक आहे.

"म्हणा की," बेबीबाई लिंबाखालून म्हणाली. "तिकडं माझी निवडलेली मेथी वाळून राहिली."

"मान्य," हिरासिंग म्हणाला.

शिला तशीच उभी राहिली.

"मागं ऐकू गेलं न्हाई, काका."

हिरासिंग गुडघ्यावर हात टेकून उठला, पटका नीट केला, सगळ्यांकडं तोंड केलं आणि तो एकच शब्द असा ओरडून बोलला, की ओढ्यापलीकडं देवला तांड्यातली कुत्री भुंकायला लागली.